सुकाबाबाचं उकळलेलं पाणी

१

सुकाबाबाला टायफॉइड झाला होता असं रक्ताच्या तपासणीत निघालं, तेव्हा डॉ. मेघाली राऊतनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. नाव बरोबर, वय बरोबर, गाव केवडापाडा, तेही बरोबर. फक्त माणूस तेवढा चुकीचा होता. ज्याला हा रोग होणं शक्यच नाही असा अख्ख्या किनाऱ्यावरचा एक माणूस दाखवा म्हटलं असतं, तर तिनं डोळे मिटून सुकाबाबाकडेच बोट केलं असतं. आणि हा कागद हातात पडायच्या आदल्याच दिवशी सुकाबाबा गेला होता.

केवडापाडा म्हणजे नवापूरच्या अलीकडची मच्छीमारांची वस्ती. तिथल्या तांडेलांच्या घरात सुकाबाबा कित्येक वर्षं लकवा होऊन अंथरुणाला खिळला होता. मधल्या खोलीतली खाट आणि समोरची खिडकी, एवढंच त्याचं जग. मागं कधीतरी त्याला कावीळ झाली, तेव्हा मेघालीनंच दम भरला होता, की याच्या पोटात उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब जाता कामा नये. तेव्हापासून थोरली नातसून हिना त्याचं पाणी वेगळं उकळायची, झाकणाच्या डब्यात गार करायची आणि चमच्यानं पाजायची. खायला पेज, तीही चुलीवरून उतरलेली. बाहेरचा लाडूसुद्धा त्याच्या तोंडाला लागत नसे.

आणि हा माणूस टायफॉइडनं मेला. रोग तोंडावाटे पोटात जातो, घाणीतून पाण्यात आणि पाण्यातून माणसात. मग या म्हाताऱ्याच्या तोंडात तो शिरला कुठून?

"मॅडम, सरळ हिशेब आहे," आरोग्यसेवक ललित म्हणाला. ललितकडे प्रत्येक गोष्टीचा सरळ हिशेब तयार असे आणि दुपारपर्यंत तो बदललेलाही असे. "म्हाताऱ्याच्या तोंडापर्यंत जाणारा हात एकच. हिनाचा."

"ती तर ठणठणीत आहे, ललितभाऊ."

"तेच म्हणतोय मी. घरातलं झाडून सगळं माणूस तापानं फणफणलंय. सासू, सासरा, दीर, तिची स्वतःची पोर. आणि ही एकटी धडधाकट. का?"

काही माणसं अशी असतात, की स्वतःला काही होत नाही आणि पोटात रोग पाळून ती दुसऱ्यांना वाटत फिरतात, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. हिना तशी असेल, हा विचार तिला अजिबात आवडला नाही.

२

तांडेलांच्या ओट्यावर एक पत्र्याची पेटी ठेवलेली होती. कपड्यांची, कुलूप लावलेली.

"कुणी गावाला निघालंय?" मेघालीनं विचारलं.

"माझी हाय ती," हिना म्हणाली. तिशीच्या आतबाहेरची, काटक बाई. एका हातात पेजेचं पातेलं, दुसऱ्या हातात सासूच्या कपाळावरची ओली पट्टी. "आत ठेवायची नाय म्हनतात."

आतून सोजराबाईंचा आवाज आला. ताप नुकता उतरू लागलेला, तरी आवाजातला खणखणीतपणा जसाच्या तसा. "डाक्टरीनबाय, तुमी गोळ्या द्या. बाकीचं आमी बघू. हर्षितची बोट जाफराबादकडून आली, की त्याला सांगनार हाय. हिला माहेरी पोचव आणि पारू इथं राहील. बाबांच्या तोंडात हिच्याशिवाय कोनी काय घातलं नाय. भगतानंबी तेच सांगितलं."

हर्षित म्हणजे हिनाचा नवरा, मोसमभर मासेमारीला गेलेला, त्यामुळे लग्नालाही नव्हता. पारू म्हणजे हिनाची सात वर्षांची लेक. तिला सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं होतं. हिना सकाळी घरातल्या सगळ्यांची पेज-पाणी करायची आणि तिथून दवाखान्यात लेकीच्या उशाशी जाऊन बसायची. जिला घरातून काढायचं ठरलं होतं, तिच्याच हातची पेज सगळं घर पीत होतं. यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात येत नव्हतं, याचा मेघालीला राग आला. पण राग करून रोग कळत नाही, म्हणून ती प्रश्न विचारायला बसली.

घरात नुकतंच लग्न झालेलं. धाकटा मुलगा निमेश, बोईसरला कंपनीत कामाला. आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी लग्न, पंगत, डीजे, सगळं जंगी. सगळ्यांचा ताप त्यानंतर पंधरवडा उलटल्यावर चढलेला. एकटा निमेश मात्र हळद उतरते न उतरते तोच आडवा झालेला. दगदगीनं झालं असेल, असं घरच्यांचं म्हणणं.

"तू लग्नात सरबत प्यायलीस?" तिनं हिनाला विचारलं.

"हो."

"बर्फाचं?"

"हो."

"पाणी? जेवण? गोड?"

"सगळं खाल्लं. जेवान सगळं खाल्लं," हिना म्हणाली आणि पट्टी पिळायला म्हणून मोरीत गेली. पट्टी नुकतीच पिळलेली होती, हे मेघालीच्या लक्षात आलं.

निघताना तिला संडासला जायचं होतं. नवशा तांडेल, म्हणजे हिनाचा सासरा, तापानं पाय लटपटत असतानाही दाखवायला उठला. "लग्नाला मुद्दाम बांधून घेतला. शहरातले पाव्हने येनार, त्यांना काय वाळूत पाठवायचं? या पाड्यात टाइलवाला पयला आपलाच." संडास खरंच झकास होता. निळ्या टाइल्स, नळ, साबण, वर झरोका. झरोक्यातून मागची जुनी विहीर दिसत होती. काठावर वाळलेलं हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि सुकून चिरा पडलेला नारळ.

"या विहिरीचं पाणी पिता?" बाहेर येऊन तिनं विचारलं.

नवशा तापातही हसला. "नळ आल्यापासून कोन पितंय? साती आसरांची, पान्यातल्या देवींची हीर हाय ती. लग्नकार्यात पुजायची, एवढंच. भांडीबी घाशीत नाय आमी तिच्या पान्यानं."

जिथं तिथं स्वच्छता आणि जिकडे तिकडे ताप. मेघालीच्या डोक्याचा भुगा झाला.

३

पुढचे काही दिवस ती नुसती फिरत राहिली आणि जिथं जाईल तिथून आणखी गोंधळून परत आली.

पहिला संशय नळाचा. ललितनं टाकीत डोकं घालून पाहिलं, नळाखाली बाटल्या धरल्या. पाणी स्वच्छ, औषध योग्य प्रमाणात. शिवाय त्याच टाकीचं पाणी शेजारच्या आळीला जात होतं आणि तिथं एकालाही ताप नव्हता.

दुसरा संशय कारखान्यांचा. तारापूर-बोईसरकडे कुणाला शिंक आली तरी आधी कारखान्यांकडे बघायची पद्धत आहे, आणि ती अगदीच उगाच पडलेली नाही. पाड्यातली निम्मी माणसं छातीठोकपणे सांगत होती, की नाल्याचं पाणी खाडीत आलं आणि खाडीतून मासळीत. मेघालीनं त्यांना समजावलं, की रसायनानं माणसाचं वाटोळं होईल, पण टायफॉइड होणार नाही. तो माणसाच्या घाणीतूनच येतो. हे ऐकून लोकांची थोडी निराशाच झाली.

तिसरा संशय दर्पणचा. हा बोईसरचा मंडपवाला. लग्नाची पंगत त्यानं केली होती आणि बर्फही त्यानंच आणला होता. मेघाली त्याच्या गोदामात गेली तेव्हा तो भांडी मोजत होता.

"मॅडम, माझी पोरं तोच बर्फ चघळत होती," तो म्हणाला. "एकाला ताप नाही. नवरीकडची दीडशे माणसं जेवली, विचारा त्यांना. आणि निमेशच्या कंपनीतली बिहारी मंडळी तर दोन्ही दिवस होती. हळदीला काय खाल्लंय त्यांनी. मटणाचा टोप उलटा करून गेले."

त्यातला एक जण तिथंच मंडपाचे बांबू उतरवायला आला होता. त्याला विचारलं. "हम लोग हल्दी में भी थे, शादी में भी," तो म्हणाला. "पानी, शरबत, सब पिया. किसी को कुछ नहीं हुआ. बस निमेश भाई बीमार है."

मेघाली बाहेर येऊन गाडीत बसली आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. हळदीचं जेवण सगळ्यांनी खाल्लं, आजारी पडली ती फक्त तांडेलांची भावकी. पंगत सगळ्यांनी झोडली, आजारी पुन्हा भावकीच. भावकीतली सुद्धा पाड्यातलीच नव्हेत. दातिवऱ्याला दिलेली लेक जमना, तीही तिकडे आजारी. म्हणजे रोग नातं बघून लागत होता. आणि ज्यानं यातलं काहीच खाल्लं-प्यायलं नाही तो सुकाबाबा मेला, आणि जिनं सगळं खाल्लं ती हिना उभी.

संध्याकाळी हिनाच्या शौचाच्या तपासणीचा निकाल आला. तिच्या पोटात टायफॉइडचे जंतू नव्हते. खात्रीसाठी दुसऱ्यांदा नमुना पाठवला होता, त्यातही नव्हते.

"म्हणजे तिनं रोग वाटला नाही," ललित म्हणाला. या वेळी त्याच्याकडेही सरळ हिशेब नव्हता. "मग तिला झाला का नाही?"

फोन वाजला. किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्थेतून निरोप होता, की हर्षितची बोट परत फिरली आहे. दोनतीन दिवसांत बंदराला लागेल.

४

शिरगाव हे मेघालीचं माहेर, आणि योगायोगानं निमेशची नवी बायको रूपलही शिरगावचीच. सासरी तापाची साथ सुरू होताच तिला वडिलांनी घरी आणून ठेवली होती. माडांच्या वाडीत, पायरीवर ती बसली होती. हातातला चुडा अजून तसाच.

"सासूबाई माझ्याच पायगुणाचं काढणार होत्या," रूपल म्हणाली. "मग सुकाबाबा गेले आणि सगळं हिनाताईंवर गेलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली." पोरगी सरळ होती.

"निमेश लग्नाआधी कधी आजारी होता?"

रूपलनं जरा विचार केला. "लग्नाच्या महिनाभर आधी. खोलीवर एकटाच पडून होता, फोनवर आवाज निघत नव्हता. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या. उतरलं म्हणून सोडल्या. घरी सांगू नको म्हणाला, मुहूर्त पुढं ढकलतील."

मेघाली ताडकन उठली. रोग निमेशला नुसता सगळ्यांच्या आधी झाला नव्हता, तो निमेशकडूनच आला होता. अर्धवट गोळ्या घेऊन तो बरा झाल्यासारखा हिंडला आणि लग्नात तोच ताप उलटला. पण निमेशच्या पोटातून तो भावकीच्या तोंडात कसा गेला? निमेशनं काही कुणाला वाढलं नव्हतं. नवऱ्या मुलाला त्या दोन दिवसांत स्वतःचं नाक पुसायचीही मुभा नसते.

तिथून ती दातिवऱ्याला गेली. जमना ओसरीवर पडून होती, अंगात त्राण नाही, पण बोलायला कुणी मिळालं म्हणून खूश. मेघालीनं पुन्हा तेच विचारलं, जे सगळ्यांना विचारून झालं होतं. काय खाल्लं, काय प्यायलं. जमनानंही पुन्हा तेच सांगितलं. शेवटी मेघाली म्हणाली, "बरं, ते राहू दे. हळदीच्या दिवशी काय काय केलंत, मजा काय केलीत, ते सांग."

जमनाचा चेहरा खुलला. "आमी वाजत गेलो ना हिरीवर. आसरांची ओटी भरली. थोरल्या सुनेनं कळशी भरून डोक्यावर घ्यायची, मागं बँड, आमी नाचत. हिनावैनीचं तोंडच उतरलेलं होतं त्या दिशी, मी चिडवलंबी तिला. मंग निमेशला त्या पान्यानं न्हाऊ घातलं आणि उरलेलं भावकीला वाटलं."

"वाटलं म्हणजे?"

"हातावर. चूळभर. दुसऱ्या कुळाला देत नाय, आमा माहेरवाशिनींना तेवढं देतात, नि कुळातलं कोनी चुकवायचं नाय. आईनं सुकाबाबाच्याबी तोंडात घातलं, खाटेवर. त्यांनी डोळं मिटून घेतलं, बरं वाटलं असंल म्हाताऱ्याला."

मेघाली पुढं वाकली. "जमना, मी तुला मघाशी विचारलं, विहिरीचं पाणी प्यायलीस का. तू नाही म्हणालीस."

जमना तिच्याकडे नवलानं बघत राहिली. "ते काय पिनं हाय व्हय? तहान लागली म्हनून पितात ते पिनं. ते तीर्थ हाय, डाक्टरीनबाय."

अख्ख्या पाड्यानं मेघालीला हेच उत्तर दिलं होतं आणि एकही माणूस खोटं बोललं नव्हतं. पाणीवाल्यांनीही विहिरीत औषध घालायचं सोडून दिलं होतं, कारण तिचं पाणी कुणीच पीत नव्हतं.

आता सगळे धागे एका हातात आले, एक सोडून. कुळातल्या कुणी ते पाणी चुकवायचं नाही. मग कळशी जिच्या डोक्यावर होती, तिलाच ताप का आला नाही?

५

दवाखान्यात पारूचा ताप उतरू लागला होता. ती झोपली होती आणि हिना तिच्या पायांना हात लावून बसली होती. मेघालीनं स्टूल ओढलं.

"हिना, आसरांचं पाणी तू घेतलं नाहीस."

हिनाचा हात पारूच्या पायावरच थांबला.

"तुमाला कोनी सांगितलं?"

"कुणी नाही. तू आजारी पडली नाहीस, त्यावरून कळलं. का घेतलं नाहीस?"

"मी त्या दिशी सकाळीच बाहेरची झाली," हिना अगदी हळू म्हणाली. "आईंना सांगायला गेली तर बँड दारात उभा. भावकी जमलेली. थोरली सून मी एकटीच, कळशी दुसऱ्या कुनाला चालत नाय. सांगितलं असतं तर हळद मोडली असती. मी उचलली. पन जिभेवर नाय ठेवलं, तेवढी भीती बाळगली." तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "मॅडम, आईंचं खरं हाय. भगताचंबी खरं हाय. देवाच्या पान्याला मी इटाळानं शिवली. त्या पान्यानं बाबा गेले. माझी पारू मरता मरता वाचली. आईंनी काढलं नाय तरी मीच जानार होती."

इतके दिवस ही बाई तोंडातून चकार शब्द न काढता सगळ्यांचे बोल का सोसत होती, ते मेघालीला आत्ता कळलं. तिचा गुन्हा नव्हताच. पण तिला स्वतःलाच तो कबूल होता.

"हिना, ऐक. ताप त्या पाण्यानंच आला. पण तू शिवलीस म्हणून नाही." मग तिनं निमेशच्या तापापासून सगळं सांगितलं. हिना ऐकत होती, मान हलवत होती. पटलं की नाही ते कळत नव्हतं.

"मला शाबीत करून दाखवा," ती शेवटी म्हणाली. "तोंडानं तर भगतबी सांगतो."

मेघालीला उत्तर सुचलं, आणि त्याबरोबरच एक अडचणही दिसली. सगळं शाबीत केलं की पहिला प्रश्न येणार होता, हिनाला का नाही झाला. आणि त्याचं खरं उत्तर भावकीसमोर दिलं, तर रोगातून सुटलेली हिना विटाळात अडकणार होती.

६

दुसऱ्या दिवशी ललितनं तांडेलांच्या निळ्या संडासात हिरवा रंग ओतला. गटाराचा पाइप कुठं फुटलाय ते शोधायला हाच रंग वापरतात. नवशानं कटकट केली, टाइलला डाग पडेल म्हणून. मग मेघालीनं विहिरीवर झाकण टाकून कुलूप लावलं आणि चावी सोजराबाईंकडेच दिली, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

हर्षितची बोट लागली त्या दुपारी भावकी ओट्यावर जमली. हर्षित उन्हानं रापलेला, बायकोकडे बघावं की आईकडे ते न कळून वाळूत बघत उभा होता. हिना उंबऱ्याशी होती. पेटी अजून तिथंच होती.

"चावी आणा, आई," मेघाली म्हणाली.

सगळी मागं विहिरीवर गेली. कुलूप निघालं, झाकण सरकलं, आणि नवशानं स्वतःच्या हातानं बादली सोडली. वर आली ती पोपटी रंगाची. नवशानं बादली ओतली, पुन्हा सोडली. पुन्हा हिरवी.

"हा रंग तुमच्या संडासात ओतला होता," मेघाली म्हणाली. "विहिरीत आम्ही काही घातलं नाही, चावी आईंकडे होती. ही जमीन रेतीची. खड्डा विहिरीच्या इतका जवळ खणला, की त्यातलं पाणी रेतीतून सरळ इकडे उतरलं. निमेशला लग्नाआधीच बोईसरला टायफॉइड झाला होता. त्यानं गोळ्या अर्ध्यावर सोडल्या. लग्नाआधी काही दिवस घरी येऊन तो हा संडास वापरत होता, त्याची घाण या खड्ड्यात, तिथून विहिरीत, आणि विहिरीतून हळदीच्या दिवशी तुमच्या प्रत्येकाच्या हातावर. म्हणून कंपनीतल्यांना झालं नाही, नवरीकडच्यांना झालं नाही. ज्यांच्या हातावर ते पाणी पडलं, त्यांनाच झालं. सुकाबाबालाही."

नवशा बादली बाजूला ठेवून काठावर बसला. ज्या संडासाचं कौतुक सांगताना त्याला ताप जाणवत नव्हता, त्याकडे आता तो बघेना. सोजराबाई मात्र उभ्याच होत्या. सासऱ्याच्या तोंडात ते पाणी घालणारा हात त्यांचा होता, आणि हे त्यांना कळलंय, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मंग हिला का नाय झाला?" त्यांनी विचारलं.

मेघालीनं हे आधीच ठरवून ठेवलं होतं. "प्यायलेल्या प्रत्येकाला होतोच असं नाही. काहींची प्रकृती कणखर असते." वाक्य पुस्तकातलं होतं, आणि पुस्तकापुरतं खरंही होतं. हिनाला बाहेर पडायला तिनं दार उघडून दिलं होतं.

"मी प्यायली नाय," हिना म्हणाली.

मेघालीनं तिच्याकडे पाहिलं, मान हलवून नको म्हटलं. हिनाचं लक्ष नव्हतं. ती सासूकडे बघत होती.

"त्या दिशी सकाळीच मी बाहेरची झाली होती. तुमी बँड दारात उभा केला होता, मला तोंड उघडवलं नाय. कळशी उचलली, पन पानी घेतलं नाय. घेतलं असतं तर मीबी पडली असती. आता मला धड कळत नाय, माझं पाप कुठलं नि रोग कुठला. तुमी सांगा. जा म्हनाल तर जाते."

भावकीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हातारा पुढं होऊन म्हणाला, "म्हंजे देवाला चाललं नाय ते नायच. म्हनून तर..."

"गप रहा," सोजराबाई म्हणाल्या. त्यांचा खणखणीत आवाज कुठंतरी हरवला होता. त्या मेघालीकडे वळल्या. "बाय, खरं सांग. इटाळानं येतो काय हा ताप?"

"नाही, आई."

"मंग आसरांच्या पान्यानं येतो?"

"संडासाचं पाणी विहिरीत उतरलं, म्हणून आला."

"पन पानी तर आसरांचंच होतं. ते मी माझ्या हातानं..." सोजराबाईंनी वाक्य तिथंच सोडलं. "मला काय समजत नाय बाय. डोकं चालत नाय माझं. चांगलं केलं ते वाईट निघालं नि हिनं वाईट केलं ते..."

त्यांनी हिनाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, पहिल्यांदाच नीट बघत असल्यासारखं. घरातली सगळी माणसं अंथरुणाला खिळलेली असताना एक हात पातेल्यावर आणि एक हात कुणाच्या तरी कपाळावर ठेवून घर आणि दवाखाना एक करणारी ही एकच बाई होती.

"बाहेरची झालीस ते बरं झालं," सोजराबाई म्हणाल्या. "नायतर तूबी पडली असतीस, आणि माझ्या पारूला पेज कोनी पाजली असती?"

एवढ्या दिवसांत हिनाच्या डोळ्यांतून कुणासमोर पाणी आलं नव्हतं. आता तिला रडू आवरेना आणि सोजराबाईंना तिला गप्प कसं करावं ते कळेना.